टाकीचं डोहाळजेवण

त्या दिशी टाकीखाली आम्ही एवढ्या जणी व्हतो: मी, माही धाकली जाऊ, शेजारची शिवणवाली, पोलीस पाटलाची म्हातारी माय अन् अंगणवाडीची मदतनीस. गडी माणूस एकच, भोकरदनहून आलेला बातमीवाला.

आमचं गाव हसनाबादच्या अलीकडं. पाण्याची टाकी बांधून लई वर्सं झाली, आत थेंब न्हाई. आम्ही आपलं टँकरपाशी हंडे घिऊन भांडून राह्यलो. एका दिशी जाऊ म्हन्ली, "आक्का, टाकी पोट काढून उभी हाय, पर बाळंत काही होईना. चला, डोहाळजेवण करू हिचं."

खांबाला हिरवं लुगडं गुंडाळलं, हिरव्या बांगड्या बांधल्या. जाऊला मालक न्हाई, म्हणून ओटीला ती हात लावीना, बाजूला बसली. गाणं मात्र तिनंच जोडलं:

वर्सामागं वर्सं गेली, हिला येईना कळ
ठेकेदार सोयरा हिचा, दाबून बसला नळ

पाटलाच्या म्हातारीला हसून हसून ठसका लागला. मदतनीस ताईनं आपल्या फोनात पुरं गाणं घेतलं. बातमीवाला म्हन्ला, "मावशी, जरा रडून सांगा ना."

"रडायला पाणी लागतं, बाबा. तेच तर न्हाई," जाऊ म्हन्ली.

बातमी आली, फोनाफोनात फिरली. पर त्यानं पहिलीच ओळ ठिवली, दुसरी कापली. टाकीबी दिसंना. निसतं जाऊचं तोंड अन् "हिला येईना कळ". आमच्या सरपंचाच्या सुनंला लेकरू न्हाई. लोकायला वाटलं, गाणं तिच्यावरच केलं. कोणी हसलं, कोणी शिव्या लिवल्या. शिवणवालीनं वाचून दाखवल्या. जाऊनं सगळ्या आयकून घेतल्या अन् भाकरी थापायला बसली.

सांजच्याला सरपंचाचा निरोप आला, उद्यापून शाळेत खिचडी शिजवायला येऊ नको. त्या खिचडीवरच तिची चूल व्हती. दोन लेकी शिकून राह्यल्या तिच्या.

मी म्हन्लं, "चल, पाया पडून येऊ. काम तरी ऱ्हाईल."

"कामासाठी न्हाई यायची मी, आक्का. त्या पोरीचं मन दुखलं असंल, तिच्यासाठी येते." तिनं नारळ अन् तांदूळ पिशवीत घेतले. "ओटी तू भर. मी उभी ऱ्हाते."

सकाळी गेलो. सरपंच ओट्यावरच व्हते.

"वैनी, माह्या सुनंची चेष्टा करता?"

"भाऊ, मला दोन लेकी हायेत. दुसऱ्याच्या लेकीवर गाणं कशाला जोडीन? तुमच्यावर जोडलं म्हणा पायजे तर. सुनंवर बिलकुल न्हाई."

सरपंच उठलेच. तेवढ्यात सून दारात आली. डोक्यावर पदर, नजर खाली, अन् तिनं दुसरी ओळ म्हणून दाखवली, बराबर चालीवर.

"मामा, मदतनीस ताईनं पुरं गाणं पाठवलं मला. नळाचं हाय ते. माह्यावर असतं तर ह्या माह्या दारात आल्या असत्या का?"

सरपंच खाली बसले. चप्पल शोधल्यावानी पायाकडं बघत राह्यले.

मी नारळ काढला. पर सून जाऊपुढंच गेली अन् पदर पसरला. "काकू, तुम्ही भरा."

"माह्या हातानं चालत न्हाई, माय."

"मला चालतं."

माह्या जाऊला मी मालकाच्या मयतीतबी मोठ्यानं रडताना पाह्यलं न्हाई. तिथंबी रडली न्हाई. बसली, तांदूळ हळूहळू घातले, नारळ ठिवला, अन् म्हन्ली, "चल आक्का, जल्दी. खिचडीचा टाइम झाला."

शाळेत तिला कोणी अडवलं न्हाई. आजबी तिच्याच हातची खिचडी हाय. टाकी मात्र कोरडीच. बातमीवाल्यानं दुसरी ओळ काही दाखवली न्हाई, अन् कापलेलं गाणं अजून फिरून राह्यलं. तुमच्या फोनात आलं तर एवढं करा, दुसरी ओळ असंल तरच पुढं पाठवा.