कुरवंड्याची बस रिकामी नव्हती

शांताराम आबांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना आधी माझी एक चूक दुरुस्त करते. ‘कुरवंड्याहून सकाळची बस रिकामीच सुटते’ असे मी आमच्या प्रवासी संघाच्या अहवालात लिहिले होते. ते खरे नाही. त्याच अहवालावरून आता आगारात बस बंद करायचे चालले आहे. ती बस लोकलच्या वेळेशी जुळवून दिली ती आबांनीच, म्हणून हे गौरवाच्याही आधी.

आबांची पहिली ओळख त्या बसमधलीच. तोवर माझी शाळा घरात होती. लोणावळ्याच्या शाळेत वेळेवर पोचवणारी बस नव्हती, म्हणून आत्याच पाटीवर शिकवत. आबा तळेगावला कारखान्यात जात. बस स्टेशनवर पोचेपर्यंत त्यांची लोकल सुटलेली असे. आबांनी वर्षभर दोन्हींच्या वेळा रोज वहीत टिपल्या आणि वही आगारातल्या साहेबांपुढे ठेवली. बस अर्धा तास आधी सुटू लागली. पहिल्या दिवशी माझे दप्तर मांडीवर घेऊन आबा म्हणाले, “खिडकीशी बस. पन डोकं भाईर न्हाई काडायचं!”

निवृत्तीनंतरही त्यांचे काम संपले नाही. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी गावातला रस्ता भरतो, बसला वर थांब्यापाशी वळायला जागा उरत नाही. मग आबा एकेका काचेपाशी जाऊन विनवतात, “साहेब, गाडी जरा म्होरं घ्या.” कुणी घेतो, कुणी काच वर करतो. या गाड्यांबद्दल अर्ज लिहून लिहून मी दोन वर्षांतच थकले. आबाही थकतात, घटकाभर कठड्यावर टेकतात आणि पुन्हा उठतात.

सकाळच्या बसच्या प्रवाशांच्या गणतीचे काम संघाने माझ्याकडे दिले. आता मी तळेगावला राहते. सुट्टीचा दिवस सोडून आठवडाभर पहाटे स्कूटरने येऊन थांब्याच्या खांबापाशी उभी राहिले. बस येई, वळे, एकदोघांना घेऊन निघून जाई. सुट्टीला बस खालच्या गिरणीपासूनच वळते, म्हणून गावाने रोजच तिथे चढायची सवय लावून घेतली आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नाही.

अहवाल वाचून आबांनी चष्मा काढला. “खांब मोजून आलीस व्हय गं? मानसं समदी गिरनीपाशी हुती.”

मी म्हटले, “आबा, तुम्हीच आगारात सांगा ना. तुमचं ऐकतील.”

“मी कशाला? अहवालावर सई कुनाची हाय? तूच खोड.” आणि त्यांनी आपली नवी वही माझ्या हाती दिली. गिरणीपाशी रोज चढणाऱ्यांची नावे त्यात होती. रागावले मात्र नाहीत. तेच जास्त लागले.

आबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. बस इतकी भरलेली असो की त्यांच्यासाठी मला उठून जागा द्यावी लागावी. रविवारी त्यांचा सत्कार आहे. त्या रात्री मी आत्याकडे राहीन, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, गिरणीपाशी त्याच बसमध्ये चढून आगारात जाईन आणि माझा अहवाल माझ्याच सहीने मागे घेईन.