व्याख्येपुढचं प्रश्नचिन्ह

उरणच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. प्राथमिक समूहाची व्याख्या वर्षानुवर्षं एकच सांगत आले: समोरासमोर, जवळिकीने वागणारी माणसं. यंदा एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, माझे पप्पा ट्रेलर चालवतात. घरी क्वचितच असतात. मग ते आमच्यात मोडत नाहीत का?"

मी तिच्या घरच्यांबद्दल विचारू लागले, तर तिने मला रविवारी जेवायलाच बोलावलं.

पानं मांडली तशी तिच्या आईने पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. पडद्यावर तिचे पप्पा होते. कुठल्याशा ढाब्यावर त्यांच्याही पुढ्यात ताट होतं.

"तोंड उतरलंय तुमचं. ताप हाय का?" तिच्या आईने विचारलं.

ते आधी नाही म्हणाले, मग हसून हो म्हणाले. मला पाहून त्यांनी बायकोला सांगितलं, "अगो, मॅडमना माशाची आणखी एक तुकडी वाढ." इतक्या दुरून ते माझा पाहुणचार करत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'समोरासमोर' लिहून मी पुढे प्रश्नचिन्ह काढलं. लगेच एका मुलाने विचारलं, "मग मी ज्या एआयशी रोज बोलतो, ते?"

"मलाही अजून कळलेलं नाही. तुला काय वाटतं?"

तो म्हणाला, "ते माझं सगळं ऐकतं, मॅडम. पण मला कधी त्याची काळजी वाटत नाही."

कुणी हसलं नाही. त्या तासाला पुस्तक उघडायचं राहूनच गेलं.