दोन माणसांची विसर्जन मिरवणूक

लॉकडाउनमुळे विसर्जन बाथटबात करायचं ठरलं. नवरा उत्साहाने बाथरूमकडे नाचत निघाला आणि पायपुसण्यावरून घसरून घोटा मोडून बसला. गणपती अजून टेबलावरच होते, म्हणून वाचले.

इथल्या, आयर्लंडमधल्या गॉलवेच्या खाजगी हॉस्पिटलने चौदाशे युरोचं बिल आमच्याच नावावर पाठवलं. अपघात कसा झाला हे कळल्याशिवाय विमा कंपनी पैसे देणार नव्हती. नवऱ्याने स्पीकरवर फोन लावला आणि खुलाशाऐवजी व्याख्यान सुरू केलं.

"ही आमची फार जुनी परंपरा आहे. ढोल, ताशे, हजारो लोक रस्त्यावर..."

"हजारो?" पलीकडची बाई गंभीर झाली. "आत्ता? निर्बंध असताना?"

चौदाशे युरो बुडताना मला स्पष्ट दिसले. मी फोन ओढून घेतला.

"अहो, आम्ही दोघंच होतो. ढोल म्हणजे कुकरचं झाकण, ते मी वाजवत होते. याला नाचता येत नाही, म्हणून पडला."

बाईला हसताहसता ठसका लागला. "म्हणजे घरात घसरले. ग्रँड, मग काही अडचण नाही! बिल आम्ही भरतो."

मी नवऱ्याला प्लास्टरसकट मिठी मारली. तो कुरकुरला, "विमावाल्यांचे सगळे फोन रेकॉर्ड होतात, माहितीये ना तुला? मला नाचता येत नाही, हे आता कायमचं नोंदलं गेलं!"