रादिसावकाकांच्या जाळ्यातला खड्डा

मोरावा नदीच्या काठच्या आमच्या गावात स्पासेनियाबाईला कोण ओळखत नाही? सोसायटीत कॉम्प्युटरवर बसते, लोकांच्या शिव्या खाते आणि वर दोन ठेवणीतल्या परतही देते. पण बाईचा खरा जीव तिच्या जाळ्यांत.

हिवाळा सरता सरता गावात राकियाची, म्हणजे आमच्या आलुबुखाराच्या दारूची स्पर्धा असते. परीक्षक दोन थेंब तळहातावर चोळून हुंगतात, घोट घेतात, पाव चघळतात आणि गुण देतात. ते गुण बाई कॉम्प्युटरमध्ये भरते. मधोमध ठिपका, त्यातून चहूकडे रेघा: वास, रंग, नितळपणा, चव, जळजळ. जितके गुण, तितका त्या रेघेवरचा ठिपका मधल्यापासून लांब. ठिपके जोडले की झालं त्या बाटलीचं जाळं. ती जाळी सकाळीच भिंतीवर लागतात, आणि गाव एवढंच बघतं, की पोट कुणाचं मोठं! "अरे, रेघा वाचा मेल्यांनो," बाई ओरडते. ऐकतंय कोण?

यंदा मात्र बाईला वेगळाच घोर लागला होता. शेजारचे रादिसावकाका बायको गेल्यापासून मनाने खचले होते. "यंदा काही जमलं नाही तर भट्टी मोडीत, बाग कुऱ्हाडीखाली," असं ते बजावून बसले होते. त्याच बागेतली फळं चोरून खात बाई लहानाची मोठी झाली होती.

काका आले, आपल्या बाटलीच्या जाळ्यापुढे थांबले. जाळ्याच्या एका बाजूला हा एवढा खड्डा! शेजारी दुसऱ्या स्पर्धकाचं, वुकोमानचं जाळं भोपळ्यासारखं गरगरीत.

"काका, तुमच्या जाळ्याला उंदीर लागला वाटतं!" वुकोमान खिदळला.

काकांनी टोपी चढवली आणि निघून गेले.

पेले मांडणाऱ्या बाईने वर पाहिलं. खड्डा जळजळीच्या रेघेवर होता! जळजळ कमी असणं चांगलं, पण तिने ती बाकीच्या गुणांसारखीच, जास्त तितकी बाहेर ताणली होती. आजवर सगळ्यांचीच दारू सारखी जाळायची, म्हणून कधी कळलंच नाही. वुकोमानचा भोपळाही त्या आगीनेच फुगला होता.

"अगं बाई, काय करून बसले मी!" तिने ती रेघ उलटी केली, नवं जाळं छापलं, जुनं भिंतीवरून ओरबाडलं आणि दोन्ही घेऊन पळत सुटली.

काकांनी तांब्याची भट्टी ट्रॅक्टरवर चढवलीसुद्धा होती.

"काका, थांबा हो! चूक माझी आहे. तुमची दारू घशाला लागतच नाही, म्हणून तो खड्डा पडला. हे बघा, आता कसं भरलंय!"

काकांनी नव्याकडे पाहिलंही नाही. जुन्यातल्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाले, "घशाला लागत नाही?"

"अजिबात नाही. सगळ्या परीक्षकांनी तेच म्हटलंय."

"माझी मिलुंका जन्मभर हेच म्हणायची. 'तुमची दारू घशाला लागतच नाही.' मला वाटायचं, दारूत दम नाही असा टोमणा मारते. चाळीस वर्षं भांडलो गं तिच्याशी त्यावरून."

बाईने काकांचा हात धरला.

काकांनी डोळे पुसले, जुना कागद नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. मग ट्रॅक्टरवर चढत म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? ती बाजू धर. भट्टी खाली घ्यायचीय."