चौथा थर

शिंपल्यातल्या प्राण्याला डोकं नसतं. हा अपमान नाही, त्याची शरीररचनाच तशी आहे. तरीही तो बिनचूक घर बांधतो. बाहेरून पातळ साल, तिच्याखाली पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना चिकटलेले उभे खांब आणि सर्वांत आत मोत्यासारखा चमकणारा थर. हा थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर विटांवर विटा रचलेल्या दिसतात, आणि प्रत्येक दोन विटांमध्ये केसाहून कितीतरी पातळ लेप. असे हे तीन थर. डोकं असलेल्या एका माणसाने त्यात चौथा शोधून काढला.

विभागात त्यांना सगळे 'शिंपले सर' म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळी नोकरी त्यांनी एकाच कामात घालवली. शिंपला कापायचा, राळेत बसवायचा, खरखरीत कागदापासून सुरुवात करून मऊ कागदापर्यंत घासत न्यायचा, सौम्य आम्लात बुडवायचा आणि बघायचं. घरच्या फ्रिजमध्येही शिंपल्यांचे डबे असायचे. पाहुण्यांना बर्फ देताना बायको आधी वास घेऊन बघायची.

घासण्याच्या बाबतीत सर कर्दनकाळ होते. प्रत्येक कागद बदलताना नमुना नव्वद अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे आडवे येतात आणि निघून जातात, हा त्यांचा पहिला धडा. आजचे विभागप्रमुख त्यांचेच विद्यार्थी. त्यांचा प्रबंध सरांनी याच कारणावरून तीनदा परत केला होता. "हा शिंपला आहे की कंगवा?" असं भर वर्गात विचारलं होतं. स्वतः सर मात्र नमुना फिरवत नसत. हात बसलेल्या माणसाला नियमाची काय गरज?

चौथा थर खांब आणि विटा यांच्या मधोमध सापडला. अरुंद पट्टी, तिच्यात एका कलाने गेलेल्या बारीक तिरक्या रेघा. जो शिंपला घासावा त्यात त्या हजर. निवृत्तीच्या निरोप समारंभात सर यावरच व्याख्यान देणार होते. फलक छापून झाला होता. वर्षानुवर्षं "अजून शिंपलेच का?" विचारणाऱ्या नातेवाइकांना आवर्जून बोलावणं गेलं होतं. आयुष्यभराच्या त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते या पट्टीत होतं.

व्याख्यानाच्या आदल्या रविवारी सर नेहमीप्रमाणे जेवणानंतर भांडी घासायला उभे राहिले. घरातलं हे एकच काम बायकोने त्यांच्याकडे सोपवलं होतं, आणि त्याचाही तिला पश्चात्ताप होता. तिने एक स्टीलचं ताट उचलून खिडकीशी तिरपं धरलं.

"अहो, जरा गोल हात फिरवा की. सगळ्या ताटांची वाट लावलीत. वरून डावीकडून निघायचं ते खाली उजवीकडे. जन्मात दुसरी दिशा माहीत नाही."

सरांनी ताट हातात घेतलं. उजेडात रेघा उठून दिसत होत्या. बारीक, तिरक्या, एका कलाच्या. ते इतका वेळ बघत राहिले की बायकोने आवाज खाली आणून म्हटलं, "राहू द्या हो, ताटच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा शिंपला कापला आणि राळेत मुद्दाम काटकोनात फिरवून बसवला. बाकी सगळं नेहमीसारखं, नेहमीच्याच हाताने. थर खरा असेल तर रेघा शिंपल्याबरोबर फिरायला हव्या होत्या. शिंपला फिरला, रेघा जागच्या जागी राहिल्या. त्या पट्टीत शिंपला जरा ठिसूळ असतो. इतरत्र पुसले जाणारे ओरखडे तिथे टिकत होते, आणि आम्ल ते कोरून सुबक करून देत होतं. चौथा थर शिंपल्याचा नव्हता, सरांच्या मनगटाचा होता.

जगात हे तपासून बघणारं दुसरं कोणी नव्हतं. इतका रस कोणाला असणार? गप्प बसले असते तर थर सुखाने नांदला असता.

सर विभागप्रमुखांकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला घाई नसते. शेवटी ते म्हणाले, "सर, फलक छापून झालाय. हारही सांगितलेत. एवढं एक व्याख्यान होऊन जाऊ द्या ना."

व्याख्यान झालं. फलकावर 'शिंपल्याचा चौथा थर' आणि खाली सर सांगतायत की तो नाही. पहिल्या रांगेतल्या मेव्हण्याने तरीही टाळ्या वाजवल्या. मग प्रमुख उठले आणि अत्यंत आदराने त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सर, कागद बदलताना नमुना किती फिरवायचा?"

"नव्वद अंश," शिंपले सर म्हणाले. मग त्यांनी पुढचं चित्र पडद्यावर आणलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या तशाच बारीक, तिरक्या, एका कलाच्या रेघा होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, हा कुठल्या जातीचा शिंपला.

"हे आमच्या घरचं ताट," सर म्हणाले.

बायकोने मान खाली घातली. ताट निदान नवं तरी न्यायचं होतं.