आम्ही तिच्या दारवर गेलो

आमच्या वरच्या मजल्यावर सुदानचं एक कुटुंब राहतं. नवरा इथल्या कॉलेजात औषधांचं शिक्षण घ्यायला आलेला. बायको लहान मुलीला घेऊन थोडे महिने राहायला म्हणून आली, आणि तेवढ्यात तिकडे लढाई पेटली. विमानं बंद झाली, त्यांच्या घराची काय गत झाली तेही कळेना. चार दिवसांची पाहुणी म्हणून आलेली बाई अशी नंदुरबारची रहिवासी झाली.

दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची आमच्या गल्लीला भारी हौस. एरवी मला या हौसेचा संताप येतो, पण त्या वर्षी ती कामाला आली. कुणी गाद्या दिल्या, कुणी मुलीला आपल्या पोरांबरोबर अंगणवाडीत नेऊन बसवलं. समोरच राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी कोरीटहून, म्हणजे त्यांच्या माहेरहून, ज्वारी आणून दिली. ज्वारी बघून ती बाई एकदम हसली, कारण तिच्याकडेही रोजचं खाणं ज्वारीचंच. मात्र तिने पीठ भिजवून आंबत ठेवलं तेव्हा जाऊबाईंचा जीव वरखाली झाला. सोन्यासारखं पीठ नासवते म्हणून त्या दिवसभर माझं डोकं खात होत्या. संध्याकाळी तिने तव्यावर त्याच पिठाच्या कागदासारख्या पातळ पोळ्या काढल्या. जाऊबाईंनी आधी वास घेतला, मग चार खाल्ल्या, आणि बऱ्या आहेत म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी माझ्या पुरणपोळीचीही ऐकलेली नाही.

जाऊबाईंना अहिराणीशिवाय काही येत नाही आणि तिला तोडकीमोडकी हिंदी. तरी दोघींचं दुपारभर काय चालायचं देव जाणे. मला खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटायचा.

मग एके दिवशी तिची आई गेल्याची बातमी आली. गावाकडे आजारी होती, रस्ते बंद, औषध मिळालं नाही. माती देऊन झाल्यावर कुणाच्या तरी फोनवरून हिला कळलं. वरून रडण्याचा आवाज आला आणि आम्ही खाली हातातलं काम टाकून उभ्याच राहिलो. जाऊबाई म्हणाल्या, "दारवर जानं पडी. परदेशनी शे म्हनीसन काय झायं? माय मरनी शे तिन्ही."

ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या दारवर जायचं, ही आमच्याकडची रीत. आम्ही सात-आठ बायका जुनी लुगडी-पातळं नेसून, डोक्यावर पदर घेऊन वर गेलो. तिला मध्ये बसवून रडलो, आणि खरंच रडलो. प्रत्येकीला आपापली आई आठवली. तिने डोळे पुसत कॉफी केली, सुंठ घातलेली, आणि इवल्याशा कपांत ओतून पुढे ठेवली. दुःखाच्या घरी आम्ही पाणीही पीत नाही. कुणी कपाला हात लावला नाही. थोड्या वेळाने उठलो. अशा घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. म्हटलं तर तसलंच कारण पुन्हा त्या उंबऱ्यावर आणतं, अशी समजूत. मागे वळूनही बघायचं नसतं. ती जिन्यापर्यंत आमच्या मागे येत होती, काहीतरी विचारत होती. आम्ही खाली येऊन नळावर हातपाय धुतले आणि आपापल्या घरी गेलो.

त्यानंतर वरचं दार बंद. मुलगी खाली खेळायला येईना. मग तिचा नवरा आला, खुर्चीच्या टोकाला बसला आणि खाली बघत म्हणाला की आम्ही खोली सोडतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं केलं आणि हे बक्षीस! जाणार कुठे, असं मी फटकारून विचारलं. तेव्हा तो हिंदीत सांगू लागला. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी लोक दिवसच्या दिवस मुक्काम करतात, तिथेच खातात-पितात. समोर ठेवलेलं न पिता, न बोलता उठणं म्हणजे तुमचा-आमचा संबंध संपला. शेवटी म्हणाला, "उसने ऊपर से देखा. आप सब हमारे घर से जाके हाथ-पाँव धो रहे थे."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्याला मी आमची रीत समजावून सांगितली. त्याने मान डोलावली, पण तिला ते पटेल असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसेना. दारात उभ्या राहून जाऊबाई सगळं ऐकत होत्या. त्यांना हिंदी कळली किती कोण जाणे. चपला काढून त्या जिना चढू लागल्या, मी मागोमाग.

तिने दार उघडलं. सामान बांधून ठेवलेलं दिसत होतं. जाऊबाई सरळ आत जाऊन खाली बसल्या आणि हातानेच कप धरल्याची खूण केली. तिला कळेना, मग कळलं. कॉफी आली. साठी उलटलेल्या, सुतक-सोवळ्यावरून आम्हा धाकट्या जावांना आयुष्यभर छळत आलेल्या माझ्या जाऊबाई त्या घरी कॉफी प्यायल्या, दुसरा कपही मागितला. कडू लागली असणार, तोंड वाकडं झालं होतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उंबऱ्याशी थांबल्या, मागे वळल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत 'येते' म्हणाल्या, तेही मोठ्याने, "येस मी."

तिने त्यांचा हात धरला तो सोडेचना. दोघी तिथेच उंबऱ्यात बसल्या. बांधलेल्या सामानातली एक पिशवी मुलीने तेवढ्यात उपसून आपली बाहुली बाहेर काढली.

जिना उतरताना मी हळूच विचारलं, बाई, तुम्हाला भीती नाही वाटली? खालच्या पायरीशी येऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"भ्याव तं वाटनं," त्या म्हणाल्या. "पन तिले आठे, आपला गावमा, कोन शे?"