रामटेकेची झोप आणि माझे पत्रे

हसू नका, असं मी म्हणणार नाही. माझी बायकोच अजून हसते, तर तुम्हाला कोणत्या तोंडाने अडवू? फक्त चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल.

तर झालं असं. भिलाईला, रिसालीत आमचं घर. नोकरीभर स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहिलो, रिटायर झाल्यावर हे बांधलं, पण कंपाउंड काही झालं नाही. परसात बायकोने लाल भाजी, म्हणजे लाल माठ लावला आणि वस्तीतल्या मोकाट गाईंना ही बातमी कोणी कळवली देव जाणे! रोज सकाळी त्या हजर. शेवटी ठरलं, पत्र्याचं कुंपण घालायचं. आणि मी जाहीर केलं की ते मीच घालणार.

"अवो, मिस्त्री बोलवा ना," ही म्हणाली.

"मिस्त्री कावून? लोखंडात जिंदगी गेली माझी!"

"लोखंडात कुठं? तुमी तं स्टोअरमधी बसत होते."

आता स्टोअरमध्ये काय लोखंड नसतं? तुम्हीच सांगा!

लोखंडी अँगल मी आधीच सिमेंटात रोवून ठेवले होते. राहिले होते फक्त पत्रे. ड्रिल आणलं, स्क्रू आणले. अडचण एकच होती, आणि तिचं नाव रामटेके.

रामटेके आमचा शेजारी. वयाने माझ्या मुलाएवढा, प्लांटमध्ये क्रेन चालवतो. माणूस सोन्यासारखा. मागच्या वर्षी हिला चक्कर आली तेव्हा मी नुसता घाबरून उभा राहिलो, आणि यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. तर या रामटेकेची त्या आठवड्यात नाईट शिफ्ट होती, आणि त्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी बरोबर माझ्या पत्र्यांच्या बाजूला!

तुम्ही भिलाईत राहिला नसाल तर सांगतो. इथे नाईटवाल्याची दिवसाची झोप मोडणं म्हणजे कोणाच्या ताटातली भाकर ओढणं. त्यात हा क्रेनवाला. पेंगत क्रेन चालवली तर खाली उभ्या माणसांच्या जिवाशी खेळ.

"पत्रे नाई लागले तं चालन," हिने बजावलं, "पण रामटेकेभाऊचं मन नको दुखवा."

मला युक्ती सुचली. ड्रिल नकोच! पत्रे सध्या तारेने बांधून उभे करायचे, स्क्रू नंतर सवडीने.

सकाळी खिडकीला कान लावला. आतून आवाज, "घर्र… फुस्स! घर्र… फुस्स!" बिचारा गाढ झोपला होता. त्याची बायकोपोरं गावी, भंडाऱ्याला गेलेली, पुढचं दार आतून बंद. मी फोन बंद केला, चपला काढल्या आणि कामाला लागलो.

पत्रा बिनआवाजी उभा करून पाहिलाय कधी? नका पाहू. तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागतो. वाऱ्याची झुळूक आली की तो कुरकुरतो. मग मी त्याला "श्श श्श" करायचो. पत्र्याला!

एवढ्यात भाजीवाला ओरडत आला. त्याला हात जोडून परत पाठवलं. पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांना दुसऱ्या गल्लीत पिटाळलं. भंगारवाल्याची तर घंटीच हाताने दाबून धरली.

हे सगळं समोरच्या साहूबाई बघत होत्या. काय झालं ते विचारायला त्या जवळ आल्या.

"का होगे भइया?"

मी तोंडावर बोट ठेवलं. रामटेकेच्या खिडकीकडे हात केला. मग दोन्ही तळहात गालाखाली घेऊन डोळे मिटले आणि नको-नको म्हणून मान हलवली. म्हणजे काय? म्हणजे तो झोपलाय, आवाज नको. सरळ आहे की नाही?

साहूबाईंनी तोंडाला पदर लावला, डोळे मोठे केले आणि लगबगीने गेल्या. मी म्हटलं, वा! किती समजूतदार बाई.

थोड्या वेळाने पाहतो तर गल्लीतली माणसं एकेक करून येऊन उभी. कोणाच्या हातात शहाळं, कोणाच्या हातात डबा. सगळे चिडीचूप, माना खाली. मला वाटलं, आपलं कुंपण पाहायला आले! काम होतंच तसं. मी छाती फुगवून एकेका पत्र्यावरून हात फिरवत त्यांना कुंपण दाखवलं. त्यांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून कानात सांगितलं, "हिम्मत ठेवा." मी म्हटलं, "ठेवली म्हणून तर एकट्याने केलं!" तो माझ्याकडे बघतच राहिला.

मी शेवटच्या पत्र्याची तार पिळत होतो. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी घाबरलेल्या आवाजात कुजबुजलं, "काकाजी, का झालं जी? इतले लोक माह्या घरासमोर कावून उभे हायेत?"

"श्श! हळू बोल बापा," मी मान न वळवता म्हणालो. "रामटेके झोपून राहिला."

"कोणता रामटेके?"

"अरे, हा आपला! नाईटवाला!"

"मंग मी कोण होय?"

मी गर्रकन वळलो. समोर रामटेके! डोक्यात हेल्मेट, हातात जेवणाचा डबा, चेहरा पांढराफटक. मला असा झटका बसला की मी मागे पत्र्यावर रेललो.

पुढचं काय सांगू! पहिला पत्रा गेला, त्याने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. धडाड! धडाड! धड धड धडाड! सगळं कुंपण आत, लाल भाजीवर आडवं! कोणाला लागलं नाही हे नशीब. पण त्या आवाजाने तीन गल्ल्यांतली कुत्री भुंकायला लागली.

आणि रामटेकेच्या खोलीत? "घर्र… फुस्स! घर्र… फुस्स!"

"कूलर बंद करायचा राहिला वाटते," रामटेके म्हणाला. "त्याचा पंखा घासते."

साहूबाईंनी डोक्याला हात लावला; माझ्या खुणा पाहून रामटेके शेवटच्या घटका मोजतोय असं त्यांनीच गल्लीभर सांगितलं होतं. शहाळं घेऊन आलेल्याने ते परत पिशवीत घातलं.

"पण तुही तं नाईट होती ना?" मी विचारलं.

"होती. तुमाले पत्रे ठोकाचे होते म्हणून काल बदलून घेतली जी. सकाळी अंधारातच गेलो मागच्या दारानं, पयल्या शिफ्टले. मेसेज बी टाकला, 'काकाजी, आज घरी कोणी नाई, बिनधास्त ठोका.' नाई पाह्यला?"

मी खिशातल्या बंद फोनवर हात ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी पोराला मिठी मारावीशी वाटली, आणि स्वतःच्या थोबाडीत एक द्यावीशी वाटली.

"बरं, उद्या ठोकतो," मी म्हणालो.

रामटेके ओशाळला. "उद्या नाई जमणार, काकाजी. ज्याच्यासंगं बदलली ना, त्याच्या बदल्यात आता पंधरा दिवस मलेच नाईट हाय."

ही लाल भाजीवरचे पत्रे उचलत होती. तिने हातातला पत्रा खाली ठेवला आणि कोपऱ्यातली काठी आणून माझ्या हातात दिली.

तारेवर आता कोणाचाच भरवसा उरला नव्हता, म्हणून पुढचे पंधरा दिवस त्या वाफ्याला कुंपण होतं ते माझंच. हातात काठी घेऊन दिवसभर मी खुर्चीवर बसून. आणि गाय आली की तिला हाकलायचं, तेही कुजबुजत!